गादी आणि बाक : वेस्टमिन्स्टरच्या संसदेतील स्त्रिया

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा तर आधी संस्थापकांची नावे येतात, मग अध्यक्ष-कार्यवाहांची कालानुक्रमे यादी आणि शेवटी वास्तूची हकिकत. वेस्टमिन्स्टरच्या संसदेचा इतिहास या शिरस्त्याने लिहायला घेतला, तर सायमन द माँफर्टने १२६५ साली परगण्यांचे आणि शहरांचे प्रतिनिधी बोलावले तेव्हापासून १९१८पर्यंत, म्हणजे साडेसहाशे वर्षे, सभासदांच्या यादीत एकाही बाईचे नाव लिहिता येत नाही. वास्तूची हकिकत मात्र बायकांवाचून सांगताच येत नाही. छतातला झरोका, प्रेक्षागृहाची जाळी, तळघरातले कपाट, कोंदट खोली हे सारे त्यांच्या नावावर आहे. स्त्री-पुरुषांना समान मताधिकार देणाऱ्या ब्रिटिश कायद्याला २ जुलै २०२८ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या शताब्दीच्या निमित्ताने हा इतिहास वास्तूच्या अंगाने लिहीत आहे.

पण त्याआधी गादीविषयी सांगितले पाहिजे. ज्या देशात बाईला कॉमन्स सभागृहाच्या बाकावर बसता येत नव्हते, त्या देशाच्या गादीवर बायका साडेतीनशेहून अधिक वर्षे बसत आल्या होत्या, हा विरोधाभास आपल्याकडच्या वाचकाला नेहमी बुचकळ्यात टाकतो. त्याचा उलगडा सोपा आहे. गादी जन्माने मिळत होती आणि तीही मुलगा नसला तरच. बाराव्या शतकात पहिल्या हेन्रीची मुलगी मटिल्डा वारस असूनही तिला राज्याभिषेक करून घेता आला नाही; लंडनकरांनी तिला शहरातून हुसकून लावले. १ ऑक्टोबर १५५३ रोजी मेरी ट्यूडर यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा राज्य करणारी राणी म्हणजे नेमके काय, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. संसदेने १५५४ साली कायदा करून सांगितले की राजाला जे अधिकार, तेच सर्व राणीला. म्हणजे बाईच्या हाती पूर्ण राज्यसत्ता असू शकते, हे याच संस्थेने, सगळ्या पुरुषांनी बसून, सोळाव्या शतकात मान्य केले होते. मग तिच्या हाती एक मत असू शकते हे मान्य करायला पुढची ३६४ वर्षे का लागली, हा प्रश्न मला या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी असलेला वाटतो.

राण्यांचे संसदेशी संबंध एकसारखे नव्हते. पहिल्या एलिझाबेथ गादीवर येताच १५५९मध्ये कॉमन्सने त्यांना लग्न करण्याची विनंती केली. पुढेही लग्न आणि वारस हे दोन विषय सभागृहाने पुनःपुन्हा काढले आणि राणींनी ते पुनःपुन्हा परतवले. वारसाच्या प्रश्नाचा पिच्छा न सोडणाऱ्या पीटर वेंटवर्थ या सभासदाला तर टॉवरच्या तुरुंगात मरण आले. राणी ॲन स्वतः लॉर्ड्स सभागृहात जाऊन चर्चा ऐकत. त्यांच्याच कारकिर्दीत १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची संसद एक झाली आणि मार्च १७०८मध्ये त्यांनी स्कॉटिश मिलिशिया विधेयकाला संमती नाकारली. त्यानंतर आजतागायत कोणत्याही राजाने किंवा राणीने संसदेचे विधेयक फेटाळलेले नाही. नकाराधिकार शेवटचा वापरला तो एका बाईने.

राणी व्हिक्टोरिया आपल्या जास्त परिचयाच्या. १८५८चा राणीचा जाहीरनामा, मुंबईतली राणीची बाग, व्ही.टी. स्टेशन हे सारे त्यांच्या नावाचे. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांना हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले, त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू केली. ६३ वर्षे राज्य केलेल्या या राणी स्त्रियांच्या मताधिकाराच्या कट्टर विरोधक होत्या. १८७०च्या एका खाजगी पत्रात त्यांनी स्त्रीहक्कांच्या चळवळीवर अतिशय कडक शब्दांत आग पाखडली आहे. गादीवर बाई बसली म्हणून बाकाची वाट मोकळी होत नाही, हे त्यांच्या कारकिर्दीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. ती वाट दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकांनी काढली.

दाराबाहेर म्हणजे कुठे? १७७८मध्ये स्त्रियांना कॉमन्सच्या प्रेक्षागृहातून बाहेर काढण्यात आले. तेव्हा सभागृह सेंट स्टीफन्सच्या जुन्या प्रार्थनामंदिरात भरे. झुंबराच्या मेणबत्त्यांचा धूर आणि उष्मा बाहेर जावा म्हणून छतात एक झरोका ठेवला होता. राजकारणात रस असलेल्या बायका पोटमाळ्यावर चढत, त्या झरोक्याभोवती दाटीवाटीने उभ्या राहत आणि वर येणाऱ्या धुरातून खालची भाषणे ऐकत. १६ ऑक्टोबर १८३४च्या आगीत ती इमारत जळाली. नव्या राजवाड्यात स्त्रियांसाठी सभापतींच्या आसनाच्या वर रीतसर प्रेक्षागृह बांधले, पण त्याला जड धातूची जाळी लावली. खालच्या सदस्यांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून वरच्यांनी अंधारात, उकाड्यात, जाळीला डोळे लावून बसायचे.

७ जून १८६६ रोजी जॉन स्टुअर्ट मिल यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज कॉमन्ससमोर ठेवला. त्यावर सुमारे १५०० स्त्रियांच्या सह्या होत्या. कागदाची ती भली मोठी गुंडाळी घेऊन एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आल्या, तेव्हा मिल येईपर्यंत ती लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी तिथल्या एका सफरचंदे विकणाऱ्या बाईला ती आपल्या फळांच्या मांडणीखाली ठेवायला सांगितले. त्या बाईचे नाव कुणी नोंदवून ठेवले नाही याचे वाईट वाटते. पुढच्या वर्षी मिल यांची सूचना मताला आली : ७३ बाजूने, १९६ विरुद्ध.

त्यानंतरची पन्नास वर्षे विधेयके आली आणि पडली. ती सगळी इथे सांगत नाही. त्या जाळीची कथा मात्र सांगितलीच पाहिजे. २८ ऑक्टोबर १९०८ रोजी म्युरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स या विमेन्स फ्रीडम लीगच्या दोघींनी स्वतःला साखळदंडाने त्या जाळीला जखडून घेतले आणि मॅटर्स खालच्या सभागृहाला उद्देशून भाषण करू लागल्या. कुलपे उघडेनात, तेव्हा जाळीचे तुकडे त्या दोघींसकट काढून बाहेर न्यावे लागले. मॅटर्स मूळच्या ॲडलेडच्या. त्यांच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात स्त्रियांना १८९४च्या कायद्यानेच मत देण्याचा आणि निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क मिळाला होता. वसाहतीत नागरिक असलेली बाई साम्राज्याच्या राजधानीत येऊन जाळीआड बसत होती. तिचा संताप मला अगदी स्वाभाविक वाटतो.

२ एप्रिल १९११च्या रात्री देशाची खानेसुमारी होती. मताधिकार चळवळीतल्या एमिली वाइल्डिंग डेव्हिसन त्या रात्री राजवाड्याच्या तळघरातल्या प्रार्थनामंदिरात झाडू-बादल्यांच्या कपाटात लपून राहिल्या. हेतू एवढाच की खानेसुमारीच्या कागदावर आपला त्या रात्रीचा पत्ता हाऊस ऑफ कॉमन्स असा लागावा. तशी नोंद झालीही. दोन वर्षांनी एप्समच्या डर्बीत राजाच्या घोड्याखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. त्या कपाटाच्या दाराआड आज त्यांच्या नावाची पाटी आहे. ती खासदार टोनी बेन यांनी लावली.

प्रेक्षागृहाची जाळी १९१७मध्ये काढली गेली आणि ६ फेब्रुवारी १९१८ला मताधिकाराचा कायदा झाला. तोही अर्धाच. तिशी ओलांडलेल्या आणि घर, मालमत्ता किंवा पदवीची अट पुरी करणाऱ्या सुमारे ८४ लाख स्त्रियांना मत मिळाले. पुरुषांना ते एकविसाव्या वर्षी होते. २१ नोव्हेंबरला आणखी एक चिमुकला कायदा झाला आणि स्त्रियांना निवडणूक लढवण्याची मुभा मिळाली. तिला वयाची तिशीची अट नव्हती. परिणाम असा की जेनी ली १९२९च्या मार्चमध्ये चोविसाव्या वर्षी खासदार म्हणून निवडून आल्या, तेव्हा १९२८च्या समान मताधिकाराच्या याद्या अजून लागू न झाल्याने त्यांना स्वतःला मत देता येत नव्हते. डिसेंबर १९१८मध्ये १७ स्त्रिया उभ्या राहिल्या. निवडून आली एकच, कॉन्स्टन्स मार्कीविच, डब्लिनमधून, तीही होलोवेच्या तुरुंगात असताना. शिन फेन या आयरिश पक्षाच्या धोरणाप्रमाणे त्यांनी वेस्टमिन्स्टरमध्ये जागा घेतलीच नाही.

जागा घेतली ती नॅन्सी ॲस्टर यांनी, १ डिसेंबर १९१९ रोजी. एका बाजूला लॉइड जॉर्ज, दुसऱ्या बाजूला बाल्फर, आणि मध्ये काळ्या पोशाखातल्या ॲस्टर असा तो प्रवेश झाला. नवरा वडिलांच्या मृत्यूनंतर लॉर्ड्समध्ये गेल्याने प्लिमथची जागा रिकामी झाली होती. १९२१मध्ये आलेल्या मार्गारेट विंट्रिंगम पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर आल्या. शोक पाळत असल्याने त्यांनी प्रचारात जाहीर भाषणच केले नाही. आपल्याकडे अशा उमेदवारीला नावे ठेवण्याची सवय आहे. पण या बायका पुढे काय करतात तेही पाहावे. १८ वर्षांखालच्यांना दारू विकण्यावर बंदी घालणारा १९२३चा कायदा ॲस्टर यांच्या खाजगी विधेयकातून झाला, आणि पुढे आलेल्या इतर पक्षांच्या स्त्रियांनाही त्यांनी हात दिला. सदस्य स्त्रियांना मिळालेली बैठकीची खोली इतकी अंधारी आणि अपुरी होती की त्या तिला थडगे म्हणत. संख्या वाढली, खोली तेवढीच राहिली.

ॲस्टर सभागृहात आल्या नेमक्या त्याच वर्षी, १९१९मध्ये, मुंबईहून दोघी मायलेकी वेस्टमिन्स्टरला पोहोचल्या. हेराबाई टाटा आणि त्यांची एकवीस वर्षांची मुलगी मिठन. १९११मध्ये काश्मीरला गेल्या असताना त्यांची भेट महाराजा दुलीपसिंगांची कन्या सोफिया यांच्याशी झाली होती. सोफिया म्हणजे व्हिक्टोरिया राणींची धर्मकन्या आणि लंडनच्या मताधिकार चळवळीतली बिनीची कार्यकर्ती. १८ नोव्हेंबर १९१०ला संसदेसमोर पोलिसांनी ज्या मोर्च्यातल्या बायकांना तुडवले, त्या मोर्च्यात त्या होत्या. त्या भेटीत हेराबाईंच्या मनात जे पेरले गेले ते आठ वर्षांनी उगवले. साउथबरो समितीने हिंदी स्त्रियांना मत नको असा अहवाल दिला होता. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे विधेयक संसदेच्या संयुक्त समितीपुढे आले, तेव्हा मुंबईच्या स्त्रियांच्या वतीने या दोघींनी लंडनमध्ये साक्ष दिली, आणि मग ब्रिटनभर हिंडून सभा घेतल्या. संसदेने स्वतः निर्णय घ्यायचे टाळले आणि तो प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. १९२१मध्ये मद्रास आणि मुंबई या दोन इलाख्यांनी तो स्त्रियांच्या बाजूने घेतला. मिठन लंडनला शिकायला राहिल्या, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि १९२३ला परतून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. मिठन लाम म्हणून त्या पुढे मुंबईच्या पहिल्या स्त्री शेरीफ झाल्या. वेस्टमिन्स्टरच्या इतिहासात या मायलेकींना क्वचितच ओळभर जागा मिळते. ती मिळायला हवी, कारण त्या समितीपुढे बसून त्यांनी त्या संस्थेला तिच्याच तत्त्वांची आठवण करून दिली.

सगळ्याच ब्रिटिश खासदार स्त्रियांचे हिंदी स्त्रियांशी सूर जुळले असे नाही. एलिनॉर रॅथबोन यांची कामगिरी थोर आहे. मुलांचा भत्ता आईच्या हाती देणारा १९४५चा कायदा ही त्यांच्या आयुष्यभराच्या लढ्याची फलश्रुती. पण ऑक्टोबर १९२९मध्ये त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी स्त्रियांवर परिषद भरवली आणि व्यासपीठावर हिंदी स्त्रियांनाच फारसे स्थान दिले नाही, तेव्हा धन्वंती रामा राव उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हरकत घेतली : आमचे प्रश्न आम्ही सोडवू. त्याच रामा राव यांनी १९४९मध्ये मुंबईत कुटुंबनियोजन संघाची स्थापना केली. रॅथबोन यांनी पुढे १९३२मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून इथल्या कार्यकर्त्यांशी बोलणी केली. सारी हयात दुसऱ्यांच्या भल्यासाठी झिजलेल्या बाईलाही ऐकायला शिकावे लागले, आणि त्या शिकल्या.

२ जुलै १९२८ला समान मताधिकार आला. मताधिकार चळवळीच्या नेत्या एमेलिन पँखर्स्ट १४ जूनला वारल्या होत्या. अठरा दिवसांनी चुकामूक झाली. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत १४ स्त्रिया आल्या. चौदाव्या वर्षी कापडाच्या दुकानात उमेदवारी करायला लागलेल्या मार्गारेट बाँडफील्ड मजूरमंत्री म्हणून मंत्रिमंडळात बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पहिलेपणाचा हा मान त्यांना महागात पडला, कारण मंदीत अनेक विवाहित कामगार स्त्रियांचा बेकारभत्ता बंद करणारा १९३१चा कायदा त्यांच्याच खात्याला आणावा लागला. आणि २८ मार्च १९४४ची रात्र : शिक्षिकांना शिक्षकांइतका पगार द्यावा ही थेल्मा कॅझलेट-कीर यांची दुरुस्ती ११७ विरुद्ध ११६ मतांनी मंजूर झाली. चर्चिल यांनी दुसऱ्याच दिवशी तो विश्वासदर्शक ठरावाचा प्रश्न केला आणि ती मागे घ्यायला लावली. सर्वांना लागू होणारा समान वेतनाचा कायदा बार्बरा कॅसल यांनी आणला, १९७०मध्ये.

आता वरचे सभागृह. इथे एका घराण्याची कथा सांगण्याजोगी आहे. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हे स्त्री-मताधिकाराच्या विरोधासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघाचे अध्यक्ष होते. जानेवारी १९१८मध्ये विधेयक लॉर्ड्समध्ये आले तेव्हा सभागृहाचे नेते तेच. तत्त्वतः विरोध कायम ठेवून त्यांनी सांगितले की कॉमन्सशी झगडा ओढवून घेण्यात शहाणपण नाही आणि आपण मत देणार नाही. १३४ विरुद्ध ७१ अशा मतांनी ते कलम टिकले. १९२२मध्ये लेडी ऱ्होंडा यांनी वडिलांच्या पदवीच्या बळावर लॉर्ड्समध्ये जागा मागितली. ती नाकारली गेली. कर्झन १९२५मध्ये वारले, आणि त्यांना मुलगा नसल्याने रेव्हन्सडेल ही त्यांची एक पदवी थोरली कन्या आयरीन यांच्याकडे आली. पदवी आली, आसन आले नाही. मधली सिंथिया तेवढ्यात १९२९ला मजूर पक्षाची खासदार झाली. आयरीन यांना १९५८पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी आजीव उमरावांचा कायदा झाला आणि पहिल्या चार स्त्रियांना लॉर्ड्समध्ये बसण्याचा अधिकार मिळाला; त्यात स्टेला रेडिंग, बार्बरा वूटन आणि कॅथरीन एलियट यांच्याबरोबर कर्झनकन्याही होत्या. वंशपरंपरेने पदवी मिळालेल्या स्त्रियांना ते सभागृह खुले झाले १९६३मध्ये.

मधल्या काळात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कॅनडाच्या पाच स्त्रियांचे अपील ऐकून १८ ऑक्टोबर १९२९ रोजी निकाल दिला होता की कॅनडाच्या सिनेटवर स्त्रियांची नेमणूक होऊ शकते. म्हणजे लॉर्ड सँकी आणि त्यांचे सहकारी न्यायाधीश कॅनडातल्या बाईला वरिष्ठ सभागृहाचे दार उघडून देत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या सभागृहाचे दार आणखी २९ वर्षे बंद राहणार होते.

वसाहती आणि नंतरची राष्ट्रकुलातली राष्ट्रे पुढे आणि मायभूमी मागे, हे असे सतत घडले. न्यूझीलंडच्या स्त्रियांना केट शेपर्ड यांच्या नेतृत्वाखाली १९ सप्टेंबर १८९३ला मत मिळाले, व्हिक्टोरिया राणींच्याच नावाने. ऑस्ट्रेलियाने १९०२ला दिले; पण त्याच कायद्याने बहुतेक आदिवासींना, स्त्री-पुरुष दोघांनाही, वगळले, हे विसरून चालणार नाही. आणि राष्ट्रीय संसदेत पहिल्या दोन स्त्रिया निवडून यायला तिथे १९४३ उजाडले. जगातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी २१ जुलै १९६० रोजी शपथ घेतली तेव्हा सिलोनच्या राष्ट्रप्रमुख होत्या दुसऱ्या एलिझाबेथ. गादीवर राणी आणि सरकारच्या प्रमुखपदी बाई, हे चित्र प्रथम लंडनला नाही, कोलंबोला दिसले. १९७२मध्ये सिरिमावोंच्याच सरकारने देश प्रजासत्ताक केला आणि राणीचे पद तिथे संपवले.

लंडनला ते चित्र ४ मे १९७९ला आले. मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या त्या निवडणुकीत ६३५ जागांवर स्त्रिया होत्या फक्त १९. १९४५मध्ये त्या २४ होत्या. साडेअकरा वर्षांत थॅचर यांच्या मंत्रिमंडळात दुसरी एकच बाई बसली, जॅनेट यंग, तीही लॉर्ड्समधून. गादीबद्दल जे व्हिक्टोरियांनी दाखवले, ते पंतप्रधानपदाबद्दल थॅचर यांनी दाखवले. नोव्हेंबर १९८३मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली. यजमान इंदिरा गांधी, पाहुण्यांत थॅचर, आणि राष्ट्रकुलाच्या प्रमुख म्हणून राणी एलिझाबेथ. त्या वेळी तिघींपैकी जिच्या संसदेत स्त्रियांचे प्रमाण अभिमानाने सांगावे असे होते, अशी एकही नव्हती.

आकडा हलला तो नियम केल्यावर. १९९३मध्ये मजूर पक्षाने काही मतदारसंघांत केवळ स्त्रियांचीच नावे उमेदवारीसाठी विचारात घ्यायचे ठरवले. १९९६ला लवादाने ते बेकायदा ठरवले, २००२च्या कायद्याने पुन्हा वैध केले. पण दरम्यान १९९७मध्ये ६०च्या १२० झाल्या होत्या. १९९२ला बेटी बूथरॉइड सभापती झाल्या, ज्या आसनाच्या वर ती जाळी असे त्याच मानाच्या आसनावर. २०१०ला संसदेच्या आवारातला एक बार बंद करून तिथे पाळणाघर सुरू झाले. १५ जानेवारी २०१९ला ब्रेक्झिटच्या मतदानासाठी खासदार ट्युलिप सिद्दीक यांना बाळंतपणाची शस्त्रक्रिया पुढे ढकलून चाकाच्या खुर्चीतून यावे लागले, तेव्हा कुठे त्याच महिन्यात प्रसूतीच्या काळात दुसऱ्याकरवी मत देण्याची सोय झाली. २०२४च्या निवडणुकीत ६५०पैकी २६३ स्त्रिया निवडून आल्या.

गादीचा नियमही बदलला, पण लंडनला नव्हे. २८ ऑक्टोबर २०११ रोजी ऑस्ट्रेलियात पर्थ इथे, ज्युलिया गिलार्ड यजमान पंतप्रधान असताना, राणीला राष्ट्रप्रमुख मानणाऱ्या सोळा देशांनी ठरवले की धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला मागे टाकणार नाही. मे २०१५ला जन्मलेल्या राजकन्या शार्लट यांचा क्रम २०१८ला जन्मलेल्या भावाच्या आधी लागतो तो या निर्णयामुळे. सरदारघराण्यांच्या बहुतेक वंशपरंपरागत पदव्या मात्र आजही मुलीला वगळून मुलाकडे जातात. कर्झन यांना मुलगा असता तर आयरीन यांना ती पदवीसुद्धा मिळाली नसती, आणि आजही ती त्याच कारणासाठी मिळाली नसती.